शेवंतीला गॅमा किरण लागले की…

सोसायटीच्या फाटकावर चढवलेली बोगनवेल येता-जाता सगळेच बघतात. बहुतेक वेली एकरंगी असतात. 'मेरी पामर' ही जात मात्र कोड्यात टाकते. तिच्या एका फांदीवर पांढरे घोस, दुसरीवर राणी रंगाचे, आणि मध्येच एखादा घोस असा की त्यात दोन्ही रंग शेजारी शेजारी नांदतात. बघणाऱ्याला वाटतं, माळ्याने दोन वेलींचं कलम बांधलं असणार. तसं कुणी काही बांधलेलं नसतं. 'मिसेस एच. सी. बक' नावाच्या एकरंगी वेलीवर एक फांदी आपोआप वेगळ्या रंगात आली, कुणाच्या तरी नजरेत भरली, तिच्या छाटांपासून रोपं केली गेली आणि ही जात उभी राहिली.

माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. मग त्या एकाच फांदीला काय झालं? फांदी शेंड्याकडून वाढते, आणि शेंड्यात सतत विभागणाऱ्या थोड्याशा पेशी असतात. त्यातल्या एका पेशीच्या डीएनएमध्ये बदल झाला. त्या पेशीपासून पुढे जे जे घडलं ते हा बदल घेऊनच घडलं. बोगनवेलीत रंग खऱ्या फुलाला नसतो, त्याला वेढणाऱ्या पातळ पानांना असतो, म्हणून बदल तिथे डोळ्यात भरला. डीएनएमधल्या अशा कायमच्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

आपोआप होणारं उत्परिवर्तन क्वचित होतं, आणि झालं तरी ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. नव्या रंगाची आस असलेल्या माणसाला पूर्वी नशिबावर हवाला ठेवून बसावं लागे. १९२७ मध्ये अमेरिकेत हर्मन म्युलर यांनी फळमाशांवर क्ष-किरण सोडले आणि उत्परिवर्तनांचं प्रमाण शंभराहून अधिक पटीने वाढल्याचं दाखवलं. याच कामासाठी त्यांना १९४६ मध्ये नोबेल मिळालं. त्याच सुमारास लुईस स्टॅडलर मका आणि जवावर असेच प्रयोग करत होते. फुलांच्या दुनियेत हे लोण लवकर पोचलं. नेदरलँड्समध्ये द मोल यांनी क्ष-किरण दिलेल्या कंदांतून ट्यूलिपची 'फॅराडे' ही जात काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांमधून कोबाल्ट-६० मुबलक मिळू लागलं, आणि क्ष-किरणांच्या यंत्राऐवजी गॅमा किरण वापरात आले.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खटकते. किरण झाडाला काहीही देत नाहीत. ते फक्त मोडतात. मग मोडतोडीतून नवा रंग कसा येतो? आधी मोडतोड कशी होते ते पाहू.

अंशाच्या दोनशेव्या भागाची ऊब

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो वजनाच्या पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे. शेवंतीत नवे रंग मिळवण्यासाठी साधारण १५ ते २५ ग्रे देतात. २० ग्रे धरले आणि ती सगळी ऊर्जा पाणी तापवायला लावली, तर पाण्याचं तापमान एका अंशाच्या दोनशेव्या भागाइतकंच वाढेल. श्रावणातल्या ढगाळ दुपारीसुद्धा कुंडीतल्या रोपाला याहून कितीतरी जास्त ऊर्जा मिळते.

तरीही माणसाच्या सबंध शरीराला ४ ते ५ ग्रे एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. ऊर्जा किती आहे यापेक्षा ती कशी येते याला महत्त्व आहे. उन्हाची ऊर्जा लहान लहान हप्त्यांत येते, रेणू थोडे थरथरतात आणि शांत होतात. गॅमा किरणाचा एकेक हप्ता इतका मोठा असतो की तो अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पेशीतून धावताना वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो. पेशीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे मार बहुधा पाण्याच्या रेणूला बसतो. त्याचा तुटका तुकडा अत्यंत आक्रमक असतो. त्याचं आयुष्य डोळ्याची पापणी लवायला लागणाऱ्या वेळेहूनही कितीतरी कमी, पण तेवढ्यात तो शेजारी जे सापडेल त्याला चावतो.

शेजारी डीएनए असला तर त्याचा धागा तुटतो. डीएनए दोन धाग्यांचा असतो. एक तुटला तर दुसऱ्याकडे बघून पेशी दुरुस्ती करते, आणि ती बहुतेक वेळा बिनचूक होते. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर बघायला नमुनाच उरत नाही. माणसाच्या पेशीत एक ग्रेने दोन्ही धागे असे सुमारे २० ते ४० ठिकाणी तुटतात. शेवंतीच्या पेशीत डीएनए आपल्याहून जास्त असतो, म्हणजे २० ग्रेमध्ये काय होत असेल याचा अंदाज करावा. पेशी तुटकी टोकं घाईघाईने जोडते. जोडताना थोडा मजकूर गळतो, कधी मोठा तुकडा हरवतो, कधी एका गुणसूत्राचं टोक दुसऱ्यालाच जोडलं जातं.

इथे एक शंका नेहमी येते, म्हणून तिचं निरसन आत्ताच करून टाकतो. असे किरण दिलेलं रोप स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण इलेक्ट्रॉन उडवू शकतात, पण रोपातल्या अणूंच्या केंद्रकांना धक्का लावण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. रोप किरण देण्याच्या शिशाच्या जाड पेटीतून बाहेर काढलं की किरण संपले. त्या रोपाचं फूल देवाला वाहा, केसात माळा, काही बाधत नाही.

आधी वाढ खुंटते

किरण दिलेली शेवंतीची छाट कुंडीत लावली तर पहिले काही दिवस काहीच घडत नाही, असं वाटतं. मग शेजारच्या न दिलेल्या रोपांशी तुलना केली की फरक कळतो. पानं उशिरा फुटतात. उंची कमी राहते. पानं आखूड, जाड, वाकडी, कधी दोन पानं एकत्र चिकटलेली. काही रोपं मरतात. मात्रा वाढवत नेली की मरणाऱ्यांची संख्या वाढत जाते.

याचं मुख्य कारण पेशीविभाजनात आहे. विभागताना प्रत्येक गुणसूत्राची एकेक प्रत दोन्हीकडे नीट जावी लागते. तुटकी, भलतीकडे जोडलेली गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाताना मध्येच अडकतात, काही तुकडे कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. अशी पेशी एक-दोन विभाजनांत मरते. मार सगळ्याच पेशींना बसलेला असतो, पण ज्या पेशी पुन्हा विभागणारच नसतात त्यांचं तुटक्या गुणसूत्रांवाचून फारसं अडत नाही. म्हणून जुनी पानं हिरवीगार दिसतात आणि शेंडा मात्र थबकतो.

हे किती खरं आहे ते अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात फार चमत्कारिक रीतीने दिसलं. गव्हाच्या कोरड्या दाण्यांना हजारो ग्रे मात्रा दिली. त्यातल्या पेशी पुन्हा कधीही विभागणार नव्हत्या. तरी दाणे पेरल्यावर कोंब आला, पानही वर आलं. दाण्यातल्या गर्भात आधीच तयार असलेल्या पेशी नुसत्या पाणी पिऊन फुगल्या आणि लांबल्या. तेवढ्या पेशी संपल्यावर वाढ थांबली. बी उगवणं म्हणजे रोप वाढणं नव्हे, हे त्या कोंबांनी दाखवून दिलं. किरण दिलेल्या बियांची उगवण चांगली झाली म्हणून खूश होणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

दुसरं कारण संप्रेरकांचं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे द्रव्य वाढीचे आदेश खाली पोचवतं. किरणांमुळे ऑक्सिन तयार होण्याचं काम मंदावतं, हे १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. शेंडा थबकला आणि ऑक्सिन घटलं की खालच्या पानांच्या बगलेतले डोळे जागे होतात. त्यामुळे किरण दिलेली रोपं पुष्कळदा बुटकी आणि झुडपी होतात. खुडणी केल्यावर शेवंती कशी पसरते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे लासलगावला हीच गोष्ट मुद्दाम घडवली जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे उभारलेल्या 'कृषक' प्रकल्पात कांद्याला ६० ते ९० ग्रे देतात. कांद्याच्या पोटातला कोंब विभागणाऱ्या पेशींचा असतो, तो कायमचा थांबतो. बाकीचा कांदा आहे तसा राहतो. फुलांचा संशोधक ज्या परिणामाला नुकसान म्हणतो, तोच साठवणूक करणाऱ्याला हवा असतो.

सगळी झाडं सारखी नाजूक नसतात. अमेरिकेतल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आर्नल्ड स्पॅरो यांनी शेकडो जाती तपासून एक साधा नियम काढला. ज्यांची गुणसूत्रं मोठी, त्यांना मार जास्त. लिली आणि चीड यांची गुणसूत्रं मोठी, म्हणून ती लवकर कोलमडतात. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीजवळचं चीडाचं जंगल तांबडं पडून मेलं, पण त्याच जंगलातले भूर्ज तगले. शिवाय कोरडं बी ओल्या छाटेपेक्षा कितीतरी पट सोसतं, कारण चावणारे तुकडे पाण्यातूनच तयार होतात आणि कोरड्या बियात पाणीच थोडं.

थोडी मात्रा दिली की झाड जोमाने वाढतं आणि लवकर फुलतं, असंही अधूनमधून छापून येतं. काही प्रयोगांत तसं दिसलं आहे, पण तोच प्रयोग पुन्हा केल्यावर दिसेनासं होतं, असंही झालं आहे. माझ्या मते यावर विसंबून कुणी बी विकत घेऊ नये.

चौकट : कुणाला किती? (मात्रा ग्रेमध्ये)

माणूस, सबंध शरीराला. उपचाराविना निम्मे दगावतात : ४ ते ५
शेवंतीची मुळं फुटलेली छाट, नव्या रंगांसाठी : १५ ते २५
गुलाबाची डोळकाडी, नव्या रंगांसाठी : साधारण ३० ते ५०
कांदा, कोंब फुटू नये म्हणून : ६० ते ९०
अमेरिकेला जाणारा हापूस, किडीची पैदास थांबवण्यासाठी : किमान ४००
मसाले, जंतू मारण्यासाठी : ६,००० ते १४,०००

फुलायला उशीर का?

किरण दिलेल्या शेवंतीला कळी उशिरा लागते, फुलं संख्येने कमी आणि आकाराने लहान येतात. मात्रा जेवढी जास्त, तेवढा उशीर. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरते. मात्र कळी धरण्याइतकं खोड आणि पानं तोवर तयार झालेली असावी लागतात. ज्या रोपाचा शेंडा काही आठवडे थांबून मग बगलेतल्या डोळ्यातून नव्याने वाढायला लागला, ते रोप शर्यतीत तेवढंच मागे पडतं.

शेवंतीचं फूल मुळात एक फूल नसतंच. ती शेकडो बारीक फुलांची टोपली असते. कडेला पाकळीसारखी लांब जिभेची फुलं, मध्ये नळीसारखी. किरणांनंतर काही रोपांत कडेच्या जिभा चपट्या न राहता नळीसारख्या वळतात, काहींत टोकं झालरीसारखी फाटतात, काही टोपल्या एकीकडेच भरतात. यातले बरेचसे बदल त्या हंगामापुरते असतात. पेशींना बसलेल्या धक्क्याचा तो तात्पुरता गोंधळ. पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या काश्या (बुडाशी फुटलेले कोंब) लावल्या की फुलं पूर्ववत येतात. जो बदल काश्यांतून पुढे जातो, तोच कामाचा. अनुभवी संशोधक म्हणूनच पहिल्या हंगामातल्या वेड्यावाकड्या फुलांनी हुरळून जात नाहीत. रंग बदललेली एखादी पाकळी मात्र ते लगेच खूण करून ठेवतात.

पांढऱ्याची पिवळी कशी होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेवंतीच्या पाकळीत दोन प्रकारची रंगद्रव्यं असू शकतात. अँथोसायनिनमुळे गुलाबी-जांभळी छटा येते. कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांची भावंडं, पिवळा रंग देतात. दोन्ही एकत्र आली की तांबूस, विटकरी रंग. दोन्ही नसली की पांढरा.

पांढऱ्या शेवंतीत पिवळं द्रव्य तयारच होत नाही, असा समज होता. २००६ मध्ये जपानच्या अकेमी ओमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तसं नाही. पांढऱ्या पाकळीतही पिवळं द्रव्य तयार होतं, पण त्याचे तुकडे करणारं एक एन्झाइम तिथे काम करत असतं. जसं तयार होईल तसं ते नष्ट केलं जातं. मोरीत नळ सोडून ठेवलेला असतो आणि पाणी भोकातून वाहून जात असतं, तेव्हा मोरी कोरडीच दिसते. भोकात बोळा अडकला की तीच मोरी भरते. नळाला कुणी हात लावलेला नसतो. त्या एन्झाइमचं जनुक किरणांनी मोडलं की पांढरी शेवंती पिवळी होते.

यावरून पुढचं सगळं सुटत जातं. गुलाबी शेवंतीत अँथोसायनिन असतं आणि पिवळं नष्ट करणारं एन्झाइमही असतं. तिच्यात अँथोसायनिनचं जनुक मोडलं तर फूल पांढरं. एन्झाइमचं मोडलं तर विटकरी. दोन्ही मोडली तर पिवळं. म्हणून किरण देण्यासाठी गुलाबी वाण निवडावा, त्यातून जास्तीत जास्त रंग निघतात, असं संशोधक अनुभवाने कधीच शिकले होते. कारण मागाहून कळलं. उलट पिवळ्या शेवंतीला किरण देऊन गुलाबी मिळवणं फार अवघड. जे यंत्र तिच्यात चालूच नाही, ते मोडतोडीने चालू कसं होणार?

एक अडचण राहते. शेवंतीत गुणसूत्रांचे सहा संच असतात, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या अनेक प्रती. एक मोडली तरी बाकीच्या काम सांभाळतात. त्यामुळेच शेवंती एवढा मार सोसून जगते आणि त्यामुळेच तिच्यात बदल दिसणं कठीण असायला हवं. पण शेकडो वर्षांच्या संकरातून आलेल्या वाणांत पुष्कळ प्रती आधीच निकामी झालेल्या असतात. कुठे कामाची एखादीच उरलेली असते, आणि तीच गेली की बदल उघड्यावर येतो.

स्टॅडलर यांचं म्हणणं इथे आठवतं. मक्याच्या दाण्यांना जांभळा रंग देणाऱ्या जनुकांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि निष्कर्ष काढला की क्ष-किरणांनी होणारी उत्परिवर्तनं बहुतेक वेळा जनुकाची मोडतोड किंवा गच्छंतीच असतात. पिकांच्या सुधारणेला त्यांचा फार उपयोग होईल, असं त्यांना वाटत नव्हतं. शेतातल्या पिकांच्या बाबतीत ते अगदी बरोबर ठरले नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांच्या साह्याने तयार झालेली 'टीएजी-२४' सारखी भुईमुगाची वाणं आपल्याच शेतकऱ्यांनी पेरली आहेत. पण जनुक मोडतं याबद्दल ते बरोबर होते. फुलांच्या जगात त्याची अडचण होत नाही, एवढंच. गव्हात एखादं यंत्र मोडलं तर शेतकऱ्याचा तोटा होतो. फुलात मोडलं तर ग्राहक त्याला नवा वाण म्हणतो.

तीन थरांचा शेंडा

किरणांचा मार पेशीपेशीला वेगवेगळा बसतो. बदल झाला तरी तो शेंड्यातल्या एकाच पेशीत. त्या पेशीची पिल्लावळ फुलाचा एक तुकडा व्यापते, म्हणून किरण दिलेल्या झाडावर पहिल्यांदा दिसतं ते अर्धं गुलाबी, अर्धं पांढरं फूल, किंवा चारच पाकळ्या वेगळ्या असलेली टोपली. अशा मिश्र झाडाला कायमेरा म्हणतात.

शेंड्यात पेशींचे तीन थर असतात, आणि ते आपापली हद्द सहसा ओलांडत नाहीत. बाहेरच्या थरातून झाडाची त्वचा होते, आतल्या दोघांतून बाकीचं. बदल एका थरात झाला तर तो त्याच थरात वर्षानुवर्षं राहू शकतो. 'मेरी पामर'चं कोडं असंच आहे, तिच्यात दोन वंशांच्या पेशी एकत्र राहतात. तिची छाट घ्यायची तर दोन्ही रंग असलेल्या फांदीची घ्यावी. नुसत्या पांढऱ्या फांदीची घेतली तर रोप पांढरंच निघण्याची शक्यता जास्त. पट्टेदार पानांच्या झाडावर पूर्ण हिरवी फांदी आली तर ती लगेच कापावी, हेही याच कारणाने. हिरव्या फांदीत हरितद्रव्य जास्त, ती जोमाने वाढते आणि पाहता पाहता पट्टेदार भागाला झाकून टाकते.

पूर्वी मिश्र झाडातून शुद्ध रंग वेगळा करायला बदललेल्या फांदीची छाट, तिच्यातून पुन्हा बदललेली फांदी, पुन्हा छाट, असे हंगाम घालवावे लागत. बदल एका पाकळीपुरताच असेल तर तोही मार्ग बंद. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत एस. के. दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उतारा काढला. बदललेल्या रंगाची पाकळीच काचेच्या बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवायची आणि तिच्या पेशींतून सबंध रोप उभं करायचं. ज्या रंगाची पाकळी, त्या रंगाचं झाड. हातातून निसटणारे कितीतरी रंग या युक्तीने वाचले.

निशिगंधाचे पट्टे आणि गुलाबाच्या रेघा

लखनौच्या या संस्थेने शेवंतीची भरपूर वाणं गॅमा किरणांतून काढली. 'पितांबर', 'कुंचिता', 'निर्भया', 'लोहिता', 'झालर', 'शबनम' ही त्यातली काही. जगभरात उत्परिवर्तनातून आलेल्या शोभेच्या झाडांची यादी केली तर शेवंती सगळ्यांच्या पुढे आहे. ती छाटेने आणि काशीने वाढते, म्हणून एकदा मिळालेला बदल बियांच्या फेऱ्यात हरवत नाही, हे त्याचं मोठं कारण.

मराठी वाचकाला जास्त जवळचा निशिगंध. लखनौच्याच 'रजत रेखा' आणि 'स्वर्ण रेखा' या त्याच्या दोन जाती किरणांतून आल्या. पहिली एकेरी पाकळ्यांची, पानाच्या मधोमध रुपेरी पट्टा. दुसरी दुहेरी पाकळ्यांची, पानाच्या कडांना सोनेरी रेघ. पट्टे लांबच लांब का येतात? निशिगंधाचं पान बुडापासून वर वर ढकललं जात वाढतं. बुडाशी एका पेशीत हरितद्रव्य बनवण्याचं काम बिघडलं की तिची सगळी पिल्लावळ सरळ रांगेत वर जाते. जास्वंदीच्या पानात वाढ सगळीकडे होते, म्हणून तिथे रेघांऐवजी ठिपके आणि डाग पडतात. हरितद्रव्य कमी म्हणजे झाडाचं अन्न कमी, वाढ मंद. खरं तर हा आजारच. नर्सरीत मात्र पट्टेदार पानांच्या झाडाची किंमत साध्या झाडाहून जास्त असते, आणि ती देणारे आपणच असतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'किस ऑफ फायर' या गुलाबातून रेघांची 'अभिसारिका' काढली. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने 'वाइल्ड रोझ' या ग्लॅडिओलसमधून फिक्या गुलाबी रंगाची 'शोभा' दिली. गुलाबाच्या बाबतीत किरण डोळकाडीला देतात आणि मग डोळे नेहमीसारखे खुंटावर भरतात.

किरण देण्याच्या दोन रीती आहेत. शिशाच्या पेटीत ठेवून काही मिनिटांत सगळी मात्रा द्यायची, ही एक. दुसरी म्हणजे शेताच्या मध्यभागी खांबावर कोबाल्ट ठेवून भोवती वर्तुळात झाडं लावायची आणि त्यांना महिनोन्‌महिने थोडे थोडे किरण मिळू द्यायचे. माणसं आत शिरायच्या आधी कोबाल्ट जमिनीखालच्या खड्ड्यात उतरवतात. खांबापासूनचं अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाई होते, म्हणून एकाच शेतात मेलेली, खुरटलेली आणि धडधाकट झाडं अशी वर्तुळं दिसतात. जपानमध्ये १९६० साली सुरू झालेल्या संस्थेचं असं शेत शंभर मीटर त्रिज्येचं होतं. हळूहळू दिलेली मात्रा झाड जास्त सोसतं, कारण दुरुस्तीला वेळ मिळतो. इंग्लंडमध्ये तर म्युरिएल हॉवर्थ या बाईंनी १९५९ मध्ये अणुबागकामाची संघटनाच काढली आणि हौशी मंडळींना किरण दिलेलं बी वाटलं. अणूबद्दलची भीती घालवण्याचा तो काळ होता. परसातल्या त्या प्रयोगांतून हाती फारसं लागलं नाही.

थंडीची अट काढून टाकलेली साकुरा

मोडण्याचा फायदा रंगापुरता थांबत नाही. झाडात पुष्कळ जनुकं रोखून धरण्याचं काम करतात. ती मोडली की रोखलेली गोष्ट सुटते.

जपानच्या रिकेन संस्थेत गॅमा किरणांऐवजी जड अणूंच्या केंद्रकांचा वेगवान झोत वापरतात. त्याचा आघात थोड्या जागेत, पण जबर असतो. तिथे साकुराच्या, म्हणजे शोभेच्या चेरीच्या, फांद्यांवर झोत सोडला आणि त्यातून 'निशिना ओतोमे' ही जात मिळाली. साध्या साकुराला फुलण्याआधी हिवाळ्याची कडक थंडी लागते. या जातीला ती अट उरली नाही, त्यामुळे ती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलते.

व्हर्बिनाच्या बाबतीत बी धरण्याची क्षमताच गेली. सुकलेली फुलं खुडत राहिलं की झेंडू जास्त दिवस फुलतो, कारण बी भरण्यात जाणारी ताकद कळ्यांकडे वळते. बीच न धरणारी ही व्हर्बिना न खुडताही फुलत राहते. याच जपानमध्ये 'जिंबा' या पांढऱ्या शेवंतीतून 'अलादीन' आणि 'इमाजिन' ही वाणं अशाच झोताने काढली. दोन्हींच्या बगलेत कळ्या कमी येतात, म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल हवं असलेल्या शेतकऱ्याची खुडणीची मजुरी वाचते. अशा झोतातून कमी तापमानातही फुलणारी शेवंतीही मिळाली, तिच्यामुळे हरितगृह तापवायला इंधन कमी लागतं. ग्राहकाला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त पांढरी शेवंती दिसते.

निळी शेवंती का नाही?

एवढ्या वर्षांत, एवढ्या देशांत, एवढ्या छाटांना किरण देऊनही निळी शेवंती कुणाला मिळाली नाही. कारण वरच्या हिशेबातच आहे. निळ्या रंगासाठी अँथोसायनिनच्या रेणूला काही जास्तीचे गट जोडावे लागतात, आणि ते जोडणारी एन्झाइमं शेवंतीत नाहीत. नसलेली गोष्ट मोडता येत नाही, आणि मोडतोडीतून ती निर्माणही होत नाही. २०१७ मध्ये नाओनोबू नोदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी खरी निळी शेवंती तयार केली. त्यांनी किरण वापरले नाहीत. कँटरबरी बेल या युरोपी झाडाचं एक जनुक आणि आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचं एक जनुक, अशी दोन्ही त्यांनी शेवंतीत घातली.